घरच्यांना चालतं का हे?

स्टँडअप करणाऱ्या मुलीची मुलाखत असली, की घेणारा वर्तमानपत्राचा असो नाहीतर पॉडकास्टवाला, तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तो तिथे येतोच. घरच्यांना चालतं का हे? आईबाबा बघतात का तुझे व्हिडिओ? लग्न झालेलं असेल तर नवरा काय म्हणतो, सासूबाईंनी पाहिलंय का. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, उलट कौतुकच असतं. पण हाच माणूस पुरुष कॉमेडियनला विचारतो की जोक सुचतात कसे, रोज लिहितोस का, पहिल्यांदा पडलास तो शो कुठला. फार तर इंजिनिअरिंग सोडल्यावर वडील चिडले का, एवढं विचारेल. तेही पगाराच्या काळजीने. जोकमध्ये तू जे बोललास त्याची घरी काय वासलात लागली, हे त्याला विचारायचं नसतं.

माझ्या मते या एका प्रश्नात प्रेक्षकाचं सगळं मन उघडं पडतं. पुरुष स्टेजवर जे बोलतो ते आपण विनोद म्हणून ऐकतो आणि बाई जे बोलते ते कबुलीजबाब म्हणून. 'मी बायकोला टरकून असतो' असं एखाद्याने सांगितलं, तर त्याची बायको खरोखर कशी आहे याच्या चौकशीला कोणी जात नाही. त्याने एक सोंग काढलंय हे आपल्याला न सांगता कळतं. बाईने 'माझा नवरा घोरतो' एवढंच म्हटलं, तरी पहिल्या रांगेतल्या काकू शोनंतर त्या नवऱ्याकडे कनवाळू नजरेने बघून घेतात. बायका विनोदी असतात की नसतात, हा वाद वर्षानुवर्षं चाललाय आणि मला तो फारसा कामाचा वाटत नाही. सोंग काढायची मुभा प्रेक्षक कोणाला देतो आणि कोणाला देत नाही, तिथे खरी मेख आहे.

विनोद आपल्या बायकांना नवा नाही, हे सांगायला कुठल्या अभ्यासाची गरज नाही. भोंडल्याला गेलेल्या कुणालाही ते वेड्या नवऱ्याचं गाणं आठवेल. बायको लाडू करते, नवरा ते निरखून बघतो आणि चेंडू समजून खेळायला घेतो. ती करंज्या करते, तो त्या होड्या म्हणून पाण्यात सोडतो. चकल्यांच्या बांगड्या होतात. प्रत्येक कडव्यात मांडणी तीच, पदार्थ नवा, आणि नवरा आता काय माती खाणार याची फेर धरणाऱ्या सगळ्यांना उत्सुकता. काही गावांत शेवटच्या कडव्यात बायको झोपलेली असते, ती मेली असं समजून हा तिला जाळून मोकळा होतो. इतका काळा विनोद आजच्या एखाद्या क्लबात केला तर अर्धं सभागृह गप्प होईल. आश्विनात, हत्तीच्या चित्राभोवती, आठ वर्षांच्या मुलींसकट सगळ्या बायका तो गात आल्या आहेत आणि गाऊन झाल्यावर खिरापत ओळखत आल्या आहेत. मंगळागौर, लग्नातल्या विहिणींच्या गाण्यांतली खोडसाळ उणीदुणी, जात्यावरच्या ओव्यांमधले टोमणे, अशी ही परंपरा मोठी आहे आणि तिची जीभ तिखट आहे.

फक्त ते सगळं नवऱ्याच्या गैरहजेरीत चाले. गाणारी बाई, ऐकणारी बाई. बाहेर ओसरीवर बसलेल्या पुरुषांच्या कानावर सूर जात असतील, पण ते त्या गाण्याचे प्रेक्षक नव्हते. स्टँडअपने बदललं ते हे. तोच वेडा नवरा आता शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो, आणि बऱ्याचदा तिकिटं त्यानेच काढलेली असतात.

ज्या रंगमंचावर दोघं एकत्र प्रेक्षक होते, तिथे आपण काय केलं तेही बघण्यासारखं आहे. तमाशात गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या घोळक्यात एक मावशी असते, आणि अख्ख्या गवळणीतला हशा तीच वसूल करते. लुगडं, नाकात नथ, कमरेवर हात, आणि आत मिशी काढलेला पुरुष. पंचवीस गवळणी एका बाजूला आणि ही मावशी एका बाजूला. तमाशातल्या बायका हजरजबाबी नव्हत्या असं म्हणणं शुद्ध अज्ञानाचं होईल. बतावणीत सोंगाड्याला उलट टोला देऊन त्याची बोलती बंद करणाऱ्या एकाहून एक कलावतीण होऊन गेल्या. कांताबाई सातारकरांनी तर वगात पुरुषांच्या भूमिका गाजवल्या. पण त्या बायकांनी त्या मोकळ्या जिभेची किंमत काय मोजली, हे महाराष्ट्राला माहीत आहे. फडावर हसवायची परवानगी होती, गावात घरंदाज म्हणवून घ्यायची नव्हती. म्हणजे सोंग फडावर संपलं असं त्यांच्या बाबतीत कोणी कधी मानलंच नाही. सोंगाड्या मात्र पागोटं उतरवून आपल्या घरी जाऊ शकत होता.

एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला साकडं घालते की सासरच्या एकेकाला उचल, मला एकटीला सुखात राहू दे. शेकडो वर्षं महाराष्ट्र त्यावर पोट धरून हसतोय. ते लिहिलं संतपुरुषाने, पिढ्यान्‌पिढ्या सादर केलं लुगडं नेसलेल्या पुरुषांनी, आणि वर अध्यात्माची छत्री आहेच, सासू म्हणजे अमुक विकार आणि दीर म्हणजे तमुक. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींनी भारुडाचा फड स्वतः गाजवून दाखवला तेव्हा त्या परंपरेला पुष्कळ उशिरा एक खरी सून मिळाली. आता कल्पना करा, एखाद्या मुलीने जीन्स घालून, माइक हातात धरून, छत्रीबित्री न उघडता म्हटलं की माझ्या सासरचे सगळे जाऊ देत आणि मी एकटी राहू दे. मजकूर तोच आहे. कमेंट मात्र काय येतील ते लिहून दाखवायची गरज नाही.

टीव्हीने हीच रीत पुढे चालवली. २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'ने घराघरांत हशा पिकवला. भाऊ कदम यांची शांताबाई, सागर कारंडे यांची पुणेरी बाई लोकांनी डोक्यावर घेतली. खऱ्या बाईचं काम करायला मुख्य चमूत बराच काळ श्रेया बुगडे एकट्या. हिंदीत कपिल शर्मा यांच्या शोमध्ये सुनील ग्रोव्हर यांची गुत्थी, अली असगर यांची दादी, आणि शेजारी सुमोना चक्रवर्ती यांनी रंगवलेली बायको, जिच्या ओठांवरून नवऱ्याने टोमणे मारायचे. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आल्यावर चित्र बरंच सुधारलं, हे मान्य करायला हवं. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांच्या नुसत्या एंट्रीला हशा येतो आणि तो पूर्णपणे त्यांनी कमावलेला असतो. नम्रता यांची लॉली बघताना कोणी विचारत नाही की यांच्या घरी हे चालतं का. कारण ती लॉली आहे. स्किटमध्ये पात्राला नाव असतं, केसांचा टोप असतो, लेखक दुसरा असतो. प्रेक्षकाला सोंग दिसतं, त्यामुळे तो सैलावतो. तीच अभिनेत्री उद्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कपड्यांत, एकटी उभी राहिली तर तेच लोक तितकेच मोकळे हसतील का, याबद्दल मला शंका आहे.

या शंकेला आधार आहे. ज्या भारतीय बायकांनी एकटीने हसवायला सुरुवात केली, त्यांनी सुरुवातीला कोणाचं रूप घेतलं ते बघा. अमृतसरहून आलेल्या भारती सिंग २००८ साली 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'च्या चौथ्या पर्वात देशाला माहीत झाल्या त्या लल्ली म्हणून. लल्ली ही लहान मुलगी. सुमुखी सुरेश यांचं गाजलेलं पात्र 'बहती नाक', तीही शाळकरी पोर. अदिती मित्तल यांनी कामजीवनावर बोलायला डॉ. मिसेस लुटचुके नावाच्या वयस्कर सेक्सतज्ज्ञ बाई उभ्या केल्या, आणि ज्या गोष्टी अदिती म्हणून बोलल्या असत्या तर टाळ्यांऐवजी कुजबुज झाली असती, त्या लुटचुकेबाईंच्या तोंडून बिनधास्त बोलून घेतल्या. एकीकडे नाक वाहणारी पोर, दुसरीकडे पिकल्या केसांची बाई. मधलं वय गायब.

अमेरिकेत याच्या कितीतरी आधी हेच झालं होतं. मॉम्स मेबली या कृष्णवर्णीय कलाकार तरुण असल्यापासून घरातला ढगळ झगा आणि वेडीवाकडी टोपी घालून म्हातारीच्या रूपात उभ्या राहायच्या. म्हातारे पुरुष काही कामाचे नाहीत, मला तरणाच हवा, हे म्हातारी म्हणते तोवर सगळे हसतात. फिलिस डिलर १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या, पाच मुलांची आई. अंगाचा बांधा दिसला तर लोक हसणार नाहीत म्हणून पोत्यासारखे कपडे, पिंजारलेले केस, आणि फँग नावाचा एक काल्पनिक नवरा. लिली टॉमलिन यांची ईडिथ ॲन तर साडेपाच वर्षांची, भल्यामोठ्या झुलत्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसलेली. मला यात योगायोग दिसत नाही. जिच्याकडे लग्नाच्या किंवा वासनेच्या नजरेने बघायचं नाही, तिच्यावरच प्रेक्षक बिनघोर हसू शकतो. जिच्याकडे तसं बघायचं असतं, तिने आपल्याला बघितलेलं मात्र त्याला खपत नाही. विनोद करणारी बाई प्रेक्षकाला बघत असते, निरखत असते, त्याच्या सवयी टिपून त्यालाच परत देत असते. घरात मुलगी दाखवायला आणल्यावर तिने खाली बघायचं, हा आपला नियम होता. माइक हातात आला की तो उलटतो.

भारतींनी आणखी एक वाट वापरली, स्वतःच्या वजनावर आधी आपणच बोलायचं. समोरच्याने दगड उचलायच्या आत आपणच एक मारून घ्यायचा. ही वाट बऱ्याच जणींनी धरली आणि तिने पुष्कळ टाळ्या मिळवून दिल्या. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी 'नॅनेट' या कार्यक्रमात जाहीरच केलं की आपण हे थांबवतोय, कारण जे आधीच कडेला ढकलले गेलेत त्यांनी स्वतःला कमी लेखणं याला नम्रता म्हणत नाहीत. त्यानंतर जगभर वाद झाला की ही कॉमेडी आहे की भाषण. मला ती थोडी भाषणाकडे झुकलेली वाटली, खरं सांगायचं तर. पण मुद्दा बिनतोड होता.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा. तो आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २००७ साली पत्रकार क्रिस्टोफर हिचन्स यांनी 'व्हॅनिटी फेअर'मध्ये लिहिलं की पुरुषाला बाई पटवायला विनोद लागतो, बाईला लागत नाही, म्हणून ती त्यात मागे. ते लिखाण चटकदार होतं, त्यात पुरावा म्हणावा असं फार नव्हतं. पण २०२० मध्ये गिल ग्रीनग्रॉस आणि सहकाऱ्यांनी २८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. पाच हजारांवर माणसं, मजकूर कोणी लिहिलाय हे परीक्षकांना माहीत नाही, आणि तरी सरासरीने पुरुषांचे विनोद थोडे वरचढ ठरले. फरक लहान होता आणि दोन्ही गटांतली बहुतेक माणसं एकमेकांच्या आसपासच होती. हा फरक जन्माचा की घडणीचा, ते त्या आकड्यांतून ठरत नाही. आयुष्यभर ज्याला 'अरे, काय भारी बोललास' ऐकायला मिळालं आणि जिला 'फार बोलतेस हं तू' ऐकायला मिळालं, त्यांच्या सरावात फरक पडणारच.

मला जास्त बोलका वाटतो तो लॉरा मिकीस आणि सहकाऱ्यांचा २०११ मधला प्रयोग. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या या मंडळींनी 'द न्यूयॉर्कर'मधली व्यंगचित्रं देऊन पुरुषांकडून आणि बायकांकडून ओळी लिहून घेतल्या. नावं झाकून गुण दिले तेव्हा पुरुष पुढे होते, पण पाचाच्या मापात ०.११ ने, आणि तेही मुख्यतः पुरुष परीक्षकांच्या कृपेने. गंमत पुढे आहे. नंतर नावांसकट ओळी दाखवून, कोणती ओळ कोणाची होती ते आठवायला सांगितलं. जिथे आठवण चुकली तिथे हसवणाऱ्या ओळी लोकांनी पुरुषांच्या खात्यात टाकल्या आणि रटाळ ओळी बायकांच्या. म्हणजे बाईने हसवलं तरी घरी जाईपर्यंत तो जोक 'कोणीतरी एकाने' केलेला होतो. व्हॉट्सॲपवर पुढे गेलेल्या जोकांचं पितृत्व आपण कोणाच्या नावावर करतो, ते आठवून पाहा.

कचेरीतही हेच. ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दुकानाच्या मॅनेजरच्या भाषणाचे व्हिडिओ लोकांना दाखवले. संहिता एकच, विनोदही तेच. विनोद करणारा पुरुष मॅनेजर लोकांना जास्त वजनदार वाटला. तेच विनोद करणारी बाई विनोद न करणाऱ्या बाईपेक्षा हलकी वाटली. ज्यांनी कधी मीटिंगमध्ये हलकीफुलकी टिप्पणी करून समोरच्या सगळ्यांचे निर्विकार चेहरे पाहिले आहेत, त्या बायकांना यात नवं काही वाटणार नाही.

पुण्यातल्या कॅफेंमधल्या ओपन माइकला, म्हणजे नवखेही नाव देऊन जोक करून बघतात त्या शोला, मी अधूनमधून जाते. तिथे स्टेजपेक्षा खुर्च्यांकडे बघण्यात माझा जास्त वेळ जातो. मुलगी माइकवर आली की पहिली तीस-चाळीस सेकंद कोणी हसायला तयार नसतं, जोक चांगला असला तरी. पुरुषाच्या बाबतीत लोक 'बघू काय करतो' म्हणून खुर्चीत मागे रेलतात, हिच्या बाबतीत हाताची घडी घालतात. मग जोडपी. नवऱ्यावरचा किंवा बॉयफ्रेंडवरचा पंच आला की मुलीच्या तोंडातून हसू निम्मं बाहेर पडतं आणि ती मान किंचित वळवून शेजारी बघते. तो हसत असेल तर उरलेलं हसू सुटतं. तो मोबाइल बघत असेल तर ती पाण्याचा घोट घेते. अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे, पण स्टेजवरच्या मुलीला तो अर्धा सेकंद पुरतो, हशा फुटायच्या ऐवजी फाटतो. पुरुष कॉमेडियन बायकोवर बोलतो तेव्हा खुर्चीतल्या नवऱ्याला असं कोणाकडे बघावं लागत नाही. उलट तो बायकोला कोपराने ढोसतो, 'ऐक, तुझंच सांगतोय.' बायकोही हसते. तिला सवय आहे.

ही सवय फार जुनी आहे आणि तिचाच फायदा पुरुषांच्या विनोदाला होतो. झाकीर खान यांचा 'सख्त लौंडा' हा निखळ पुरुषी अनुभव, छोट्या शहरातल्या, मुलींशी बोलता न येणाऱ्या पोराचा. त्यावर मुलीही खळखळून हसल्या आणि त्यांना त्यासाठी काही वेगळं करावं लागलं नाही. शाळेच्या धड्यांपासून सिनेमापर्यंत सगळीकडे पुरुषाच्या डोळ्यांनी बघायचा सराव बायकांना मिळतोच. उलट दिशेचा सराव पुरुषांना कोणी दिलेला नाही. म्हणून हॉस्टेल, वडिलांचा मार, गोव्याची ट्रिप, एक्स गर्लफ्रेंड हे विषय 'सगळ्यांचे' आणि पाळी, ब्रा, लग्नाची बोलणी हे 'बायकांचे'. 'या मुली सारख्या तेच तेच बोलतात' ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. दहा पुरुषांपैकी सहांनी एका रात्रीत इंजिनिअरिंग कॉलेजवर जोक केले तरी 'हे सारखे तेच तेच बोलतात' अशी तक्रार करणारा मला अजून भेटायचाय.

तक्रारीत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पाळीवरचे काही सेट खरंच आळशी असतात. शब्द उच्चारला, धक्का बसला, टाळी मिळाली, पुढे काही नाही. पण ते आळशी आहेत कारण ते आळशी आहेत. पुरुषाचा सेट पडला की तो मुलगा वाईट होता असं आपण म्हणतो. बाईचा पडला की बायकांना जमत नाही म्हणतो. सुमार असण्याची सोय पुरुषांना आहे आणि ओपन माइकच्या दुनियेत ती सोय लागतेच, कारण चांगला कॉमेडियन होण्यापूर्वी प्रत्येक जण बराच काळ वाईट कॉमेडियन असतो.

आणि पंच चुकला नाही, लागला, तर? जुलै २०२० मध्ये कॉमेडियन अग्रिमा जोशुआ यांचा आदल्या वर्षीचा व्हिडिओ पुन्हा फिरायला लागला. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाबद्दल लोक इंटरनेटवर काय काय अचाट लिहितात, यावर तो होता. महाराजांच्या बाबतीत महाराष्ट्र हळवा आहे, कोणाला तो विनोद रुचला नसेल तर तसं म्हणायचा हक्क आहेच. जोशुआ यांनी माफी मागितली. पण त्या रागाने घेतलेलं रूप बघा. बडोद्यातल्या एका तरुणाने त्यांना बलात्काराची उघड धमकी देणारा व्हिडिओच टाकला, आणि पोलिसांनी त्याला पकडलं. २०२५ च्या फेब्रुवारीत 'इंडियाज गॉट लेटेंट' या यूट्यूबवरच्या शोवरून देशभर गदारोळ झाला. पोलीस तक्रारीत पुरुषही होते, अपूर्वा मुखिजाही होत्या. काही आठवड्यांनी त्यांनी आपल्याला आलेल्या संदेशांचे स्क्रीनशॉट टाकले, त्यात बलात्कार आणि ॲसिडच्या धमक्या होत्या.

पुरुष कॉमेडियन सुखात असतात असं नव्हे. मुनव्वर फारुकी २०२१ च्या पहिल्याच दिवशी इंदूरमध्ये पकडले गेले आणि महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिले. कुणाल कामरा यांच्या गाण्यावरून मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी क्लबमध्ये तोडफोड झाली. सत्तेला विनोद झोंबला की ती बाई-पुरुष बघत बसत नाही. तरी धमकीची भाषा वेगळीच राहते. पुरुषाला 'तुला बघून घेतो' म्हणतात, 'पाकिस्तानात जा' म्हणतात, त्याच्या म्हणण्यावर तुटून पडतात. बाईच्या बाबतीत थेट देहावर येतात. तिच्या बोलण्यात आणि तिच्या देहात त्यांना अंतर दिसतच नाही, आणि मी सुरुवातीपासून जे म्हणते आहे ते हेच आहे. सोंगाची मुभा नाकारली की शिक्षाही सोंगाला न होता माणसाला होते.

यावर बायकांनी काढलेला एक तोडगा म्हणजे आपले वेगळे शो. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने 'लेडीज अप' आणलं, चार बायका, प्रत्येकीचा छोटा सेट. मुंबईत फक्त बायकांच्या लाइनअपचे कार्यक्रम होतात आणि मी त्यांना आवर्जून जाते. तिथे कोणी मान वळवून शेजारी बघत नाही, हे खरंच सुखाचं असतं. तरी मला हे लोकलमधल्या लेडीज डब्यासारखं वाटतं. गर्दीच्या वेळी तो हवाच, तो नसता तर कित्येक जणींना नोकरी करता आली नसती. पण लेडीज डबा आहे म्हणून जनरल डब्यात काय चालतं ते रेल्वेने बघायचं सोडून द्यावं, असं होत नाही. आणि जनरल डब्याची स्थिती सांगायची तर 'कॉमिकस्तान' या स्टँडअपच्या स्पर्धेची २०१८, २०१९ आणि २०२२ अशी तीन पर्वं झाली. एकात दोघांना विभागून दिल्यामुळे विजेते चार. चारही पुरुष. सगळे विजेते लायक होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्या स्टेजवर यायच्या आधी शेकडो ओपन माइक करावे लागतात आणि ते रात्री दहा-अकरापर्यंत चालतात. खारहून शेवटच्या लोकलने डोंबिवली गाठायची असेल तर मुलगा एक जास्तीचा स्पॉट, म्हणजे माइकवरची आणखी एक पाळी, घेतो, मुलगी घड्याळ बघते. तिथेच वर्षाला पन्नास-साठ स्पॉटचा फरक पडत असेल, आणि विनोद हा सरावाचा धंदा आहे.

म्हणून प्रेक्षकांच्या मानसिकतेबद्दल सगळं बोलून झाल्यावर मला आयोजकांकडे बोट दाखवायचंय, कारण प्रेक्षक एकदम बदलत नाही, लाइनअप उद्या बदलता येते. पाच जणांत एक मुलगी घेतली की 'आपल्याकडे मुलगी आहे' असं समाधान मानायचं, हे आधी थांबवा. एकटी असली की ती बायकांची प्रतिनिधी होते, दोघी-तिघी असल्या की त्या आपापल्या नावाच्या होतात, एक आवडते, एक आवडत नाही. दुसरं, होस्टने तिची ओळख करून देताना 'आता येतेय एक सुंदर, गोड...' ही आरती बंद करावी. त्याने प्रेक्षकाला दिसण्याकडे वळवलं, आता तिला पहिली दोन मिनिटं लोकांना कानांकडे परत आणण्यात घालवावी लागतात. तिसरं अगदी साधं, लांब जाणाऱ्यांना आधीचा स्पॉट द्या. मुलींनाच असं नाही, कल्याणच्या पोरालाही द्या.

चांगली खूण म्हणजे मधलं वय आता परत येताना दिसतंय. उरूज अशफाक यांना २०२३ साली एडिनबरा महोत्सवात सर्वोत्कृष्ट नवोदिताचं पारितोषिक मिळालं. त्यात ना म्हातारीचं सोंग होतं ना शेंबड्या पोरीचं. आपली थेरपिस्ट, आईवडिलांचा घटस्फोट, मुंबईतली एक चिंताखोर मुलगी, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या कपड्यांत. अमेरिकेत अली वाँग २०१६ मध्ये आलेल्या 'बेबी कोब्रा'मध्ये सात महिन्यांचं पोट घेऊन तासभर उभ्या राहिल्या आणि सभ्यतेच्या सगळ्या कल्पनांची सालं काढली. मराठीत भाडिपा या यूट्यूब चॅनेलने आणि आजूबाजूच्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत स्टँडअपला जागा करून दिली आहे, पण मराठीत तासाभराचा स्वतःचा कार्यक्रम घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बाया अजून मोजक्याच आहेत. एकपात्रीचा इतका मोठा वारसा असलेल्या भाषेला हे शोभत नाही.

मला बघायची आहे ती अशी एखादी मराठी बाई जी पाऊण तास फक्त सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटबद्दल बोलेल. बिल्डरचं पेढे घेऊन येणं, सेक्रेटरींचं कार्पेट एरियावरचं प्रवचन, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं 'माझ्या हयातीत सही होणार नाही', दोन वर्षांपासून थकलेलं भाडं. लग्नाबद्दल बोलावंसं वाटलं तर जरूर बोलावं, नाही बोलली तर 'बायकांचे प्रश्न का मांडत नाही' असंही तिला कोणी विचारू नये. नाट्यगृह जनरल असावं, रविवारची दुपार असावी आणि खाली उतरल्यावर तिला लोकांनी विचारावं ते एवढंच की त्या आजोबांनी शेवटी सही केली का हो. त्यातले चार जोक पडले तर पडू देत. पुढच्या महिन्यात ती ते दुरुस्त करून आणेल, सगळेच आणतात.